उष्टा पेला

लेकीचं लग्न आठवड्यावर आलं होतं आणि ऋजुता मोघेला लोक बटाट्यांचे फोटो पाठवत होते.

हिरवट बटाटे, मोड आलेले बटाटे, चांगले गोरेगोमटे बटाटे. प्रत्येक फोटोत बटाट्याच्या अंगाला टेकवलेली करंगळीएवढी चपटी पट्टी, तिच्या टोकाला पेटलेला लाल दिवा आणि खाली एकच प्रश्न, मॅडम, खाऊ की टाकू? मामेसासऱ्यांनी तर थेट फोनच केला. "ऋजुता, चहात कॅफीन सापडलंय. पोलिसात जाऊ का?"

"मामा, चहात कॅफीनच असतं. जन्मभर तेच पीत आलात तुम्ही."

"मग इतकी वर्षं तुम्ही शास्त्रज्ञ लोक गप्प का बसलात?"

ऋजुताने फोन उशीखाली सारला आणि कपाळावर हात मारून घेतला. आमंत्रणं राहिली होती, सांगलीच्या कार्यालयवाल्याशी पंगतींचं बोलणं राहिलं होतं, आणि ही बाई बटाट्यांची वकिली करत बसली होती. नवरा श्रीरंग हसून म्हणाला, "तूच जन्माला घातलंस ना ते बाळ? मग आता नाक पुसायलाही तूच."

बाळाचं, म्हणजे त्या पट्टीचं, कागदोपत्री नाव 'रसना'. लोक मात्र तिला जिभली म्हणत, आणि तेच नाव रूढ झालं.

झाडाला पाय नसतात. कुणी खायला आलं तर पळता येत नाही, म्हणून बऱ्याच झाडांनी आपल्या पानांत, बियांत, मुळांत रसायनं साठवून ठेवली. त्यातलं एक मोठं घराणं अल्कलॉइडांचं. पोटात नायट्रोजन बाळगणारे, बहुधा चवीला कडू आणि थोडक्यात मोठा प्रताप करणारे रेणू. धोतऱ्यातलं अ‍ॅट्रोपीन, कळलावीतलं कोल्चिसीन, बचनागातलं अ‍ॅकोनिटीन, काजऱ्यातलं स्ट्रिक्नीन ही त्या घराण्यातली दुष्ट मंडळी. चहातलं कॅफीन आणि मिऱ्यातलं पिपरीन ही त्यांचीच गरीब भावंडं, आणि बटाट्यातलं सोलॅनीन मधल्या फळीतलं, हिरव्या बटाट्यात जास्त, चांगल्यात नावापुरतं. ऋजुता शिकत होती तेव्हा नमुन्यात ड्रॅगेनडॉर्फचं द्रावण टाकायचे. नारिंगी साका बसला की अल्कलॉइड आहे, एवढंच कळायचं. कोणतं आणि किती, हे शोधायला मोठी यंत्रं आणि त्यांच्यापुढची मोठी रांग. अहवाल हातात येईपर्यंत रोगी एक तर घरी गेलेला असायचा, नाहीतर देवाघरी.

जिभलीने ही रांगच मोडली. तिच्या टोकाला डोळ्यांना न दिसणारी हजारो छिद्रं होती. प्रत्येक छिद्र एकेका रेणूच्या मापाने घडवलेलं. तो रेणू छिद्रात बसला की तिथून वाहणारी वीज किंचित अडते. कुठलं छिद्र अडलं यावरून विषाचं नाव, आणि तशी किती अडली यावरून त्याचं प्रमाण. छिद्रं कुठल्या रेणूंच्या मापाची करायची, ती जंत्री ऋजुताने उमेदीची वर्षं घालून तयार केली होती. एका आश्रमशाळेत नाचणीत धोतऱ्याचं बी मिसळलं गेलं, मुलं बरळायला लागली, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी उरलेल्या भाकरीला जिभली लावली आणि पुढची पंगत तिथल्या तिथे थांबवली. ती बातमी वाचून ऋजुता स्वयंपाकघरात उभी राहून रडली होती. आपल्या हातून काहीतरी झालं, असं तिला त्या दिवशी खरोखर वाटलं.

मग 'अगद' नावाच्या कंपनीने जिभली घरोघरी विकायला काढली, आणि माशी तिथेच शिंकली. ऋजुता बैठकीत कानीकपाळी ओरडली होती, की पडद्यावर फक्त विषाचं नाव आणि प्रमाण दाखवा. जिभलीला काही दिसलं नाही म्हणजे ते अन्न निर्धोक, असं नव्हे. तिला फक्त अल्कलॉइड ओळखता येतात. कण्हेरीचं विष वेगळ्या घराण्यातलं, गुंजेचं आणि एरंडाचं आणखी वेगळ्या. कंपनीच्या तरतरीत साहेबांनी, ओंकार धारप त्यांचं नाव, शांतपणे ऐकून घेतलं होतं. "मॅडम, लोकांना वाक्य नको असतं, दिवा हवा असतो," ते म्हणाले. झालं. लाल दिवा आणि हिरवा दिवा, नाव आणि प्रमाण खाली बारीक अक्षरात. पालथ्या घड्यावर पाणी.

जिभली खरी खपली ती मात्र एका वेगळ्याच कारणाने, आणि ते ना ऋजुताच्या डोक्यात आलं होतं ना धारपांच्या. नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नसतो. चाखला की उष्टा झाला. जिभली चाखत होती, पण तिचं उष्टं होत नव्हतं! गणपतीच्या तोंडावर दुकानांपुढे झुंबड उडाली. पुढे पुढे नैवेद्याचं राहिलं बाजूला, रोजच्या स्वयंपाकातही कुणी काही चाखेनासं झालं. काकडीचं टोक चोळून तुकडा तोंडात टाकणारी, दुधी चिरण्याआधी चकती चावून बघणारी बाई आता जिभली टेकवायची, हिरवा दिवा बघायची आणि फोडणी टाकायची.

ऋजुताच्या होणाऱ्या विहीणबाई, अनघाताई खांबेटे, यांतल्या अग्रणी. कमरेच्या चांदीच्या छल्ल्याला किल्ल्यांच्या जोडीने त्यांची जिभली लटकत असे. "तुमच्यामुळे सोवळं सांभाळणं किती सोपं झालं, ऋजुताताई," असं त्या पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या. ऋजुताने त्या कौतुकाचं काय करावं, हे न कळून चहा ढवळला होता.

लग्न छान लागलं. घोळ झाला तो विहिणीच्या पंगतीत.

ही पंगत म्हणजे वरमाईच्या मानाचं पान. चांदीचं ताट, भोवती महिरपी रांगोळी, उदबत्त्या, आणि वधूच्या आईने आग्रह करकरून वाढायचं. त्या ताटात ऋजुताने स्वतःच्या हाताने केलेले अनारसे होते. एरवी पोळीला भोक पाडणारी ही बाई लेकीसाठी हट्टाला पेटली होती. तांदूळ भिजवले, कुटले, गुळात मुरवले, खसखशीवर थापून तुपात सोडले. पहिले दोन घाणे हसले, म्हणजे तुपात विरघळून पसरले, तेव्हा तिने प्रयोगशाळेतल्यासारखं तुपाचं तापमान मोजलं होतं. तिसरा घाणा जमला. जाळीदार, कुरकुरीत. पदवी मिळाल्यावर झाला नव्हता एवढा आनंद तिला तेव्हा झाला.

अनघाताई पाटावर बसल्या, ताटाभोवती पाणी फिरवलं, आणि सवयीने छल्ल्याची जिभली अनारशाला टेकवली.

लाल.

"मॉर्फीन," पडद्यावरचं नाव त्यांनी मोठ्याने वाचलं. कुणीतरी पाठीमागून म्हणालं, "अगंबाई, अफू!"

"खसखस आहे ती," ऋजुता म्हणाली. "अफूच्या बोंडातलंच बी असतं. बियांत विष नसतं, बोंडाच्या चिकाचा अंश वरून चिकटलेला असतो. अगदी नगण्य. कायद्याने विकतात, पिढ्यान् पिढ्या खातोय आपण. ते प्रमाण बघा ना, इथे खाली बारीक अक्षरात..."

"पण दिवा लाल आहे," अनघाताई म्हणाल्या. त्यांचा स्वर चढला नव्हता, हेच वाईट होतं.

"दिव्याला काय कळतंय? दिवा मूर्ख आहे!"

"यंत्र तुमचंच ना? मग खोटं कोण, यंत्र की तुम्ही?"

ऋजुताच्या अंगाचा तिळपापड झाला. तिने ताटातला अनारसा उचलला आणि भर पंगतीत कराकरा चावून खाल्ला. त्याने काय साधलं? "त्यांना सवय असेल," असं कुणीतरी कुजबुजलं, आणि उष्ट्या झालेल्या ताटाकडे बघून अनघाताईंनी पाट मागे सरकवला. "राहू दे. आम्ही वरणभात खाऊ," त्या म्हणाल्या. त्या गोड बोलण्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

पाठवणीच्या आधी रेवाने आईला कपडे बदलायच्या खोलीत ओढलं. लेकीचे डोळे लाल होते. "आई, उद्यापासून मला त्या घरात राहायचंय. तुझं शास्त्र शंभर टक्के बरोबर आहे, मला मान्य आहे. पण त्या यंत्राबद्दल तू त्यांच्या घरात एक अक्षर बोलायचं नाहीस. माझी शपथ घे."

"अगं पण त्यांनी..."

"शपथ घे."

ऋजुताने घेतली. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत झाली होती. स्वतःच्या हाताने घडवलेल्या वस्तूबद्दल जगाने तिला काहीही विचारावं, आणि तिने मात्र लेकीच्या सासरी तोंड शिवून बसावं!

दुसऱ्या दिवशी खांबेट्यांकडे सत्यनारायण होता. ऋजुता आणि श्रीरंग वेळेवर पोचले. दिवाणखान्यात चौरंग मांडला होता, केळीचे खुंट बांधले होते, रेवा आणि जावई कौस्तुभ पूजेच्या कपड्यांत तयार होते. ऋजुताने ठरवून हवापाण्याच्या गप्पा सुरू केल्या.

अनघाताई तबक घेऊन बाहेर आल्या. त्यात चांदीचे पेले आणि एक तांब्या. त्यांचा चेहरा कालच्यापेक्षा निवळला होता. "झालं गेलं विसरून जाऊ, विहीणबाई," त्या म्हणाल्या. "दोघांचा उपास आहे, पूजा उरकेपर्यंत उशीर होईल. पोटात काहीतरी असू दे म्हणून दुधीचा रस काढलाय. आमच्या गच्चीवरचा दुधी, विकतचा नाही. स्वयंपाकघरात मी माझा घेतला आत्ताच. आणि हे बघा." त्यांनी जिभली तांब्यात बुडवून वर धरली. हिरवा दिवा. "आमच्या घरचं हिरवं आहे."

टोमणा होता, पण समेटाचा हातही होता. रेवाने तो लगेच धरला. पेला उचलून तिने घोट घेतला.

ऋजुता लेकीच्या चेहऱ्याकडे बघत होती. लहानपणी कडू औषध पाजताना जसा व्हायचा, अगदी तसा तो आक्रसला. क्षणभरच. मग नव्या सुनेने हसू आणलं, आणि उरलेला पेला एका दमात संपवायचा म्हणून डोळे मिटले.

दुधी गोडसर असतो, निदान पाणचट तरी असतो. उन्हाच्या तडाख्याने, पाण्याच्या ताणाने किंवा रानटी वेलाशी संकर होऊन एखादा वेल बिघडतो, आणि मग त्याच्या फळात कुकुरबिटासीन उतरतं. जहाल कडू. आतड्यांची सालं काढणारं. त्याला उतारा नाही, आणि शिजवूनही ते जात नाही. त्या रेणूत नायट्रोजनच नसतो, म्हणजे तो अल्कलॉइड नव्हे. जिभलीत त्याच्या मापाचं एकही छिद्र नव्हतं. ऋजुताच्या जंत्रीत ते नावच नव्हतं.

हे सगळं सांगायला तिला तोंड उघडावं लागलं असतं. शपथ होती, कालचा तमाशा होता. आणि सांगून ऐकणार कोण होतं, हिरवा दिवा समोर असताना?

ती उठली. लेकीच्या हातातून पेला काढून घेतला आणि त्यातला घोट स्वतः घेतला. जीभ भाजल्यासारखी झाली. तिने तो खिडकीबाहेर थुंकला. मग कौस्तुभने नुकताच उचललेला पेला घेतला, तोही तोंडाला लावला. मग तबकातला उरलेला. शेवटी अख्खा तांब्या उचलून त्याच्या काठाला ओठ लावले आणि खाली ठेवला.

"उष्टं झालं," ती म्हणाली. "आता हे कुणी पिऊ नये."

खांबेट्यांच्या दिवाणखान्यात असा प्रकार कधी घडला नसेल. गुरुजी हातातली सुपारी तशीच धरून बसले. श्रीरंगने डोळे मिटून घेतले. रेवाचा चेहरा पांढराफटक पडला. अनघाताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "पूजेच्या दिवशी, माझ्या दारात," त्या कसंबसं म्हणाल्या. "कालच्याचा सूड घेतलात ना?"

"कडू आहे, अनघाताई."

"दुधीचा रस कडूच असतो! कडू तेच गुणाचं असतं."

"नसतो. तुम्ही किती प्यायलात?"

"आई, पुरे," रेवा ओरडली. "शपथ घेतली होतीस तू!"

"यंत्राबद्दल बोललेय का मी काही?" ऋजुता कळवळून म्हणाली. "विहीणबाई, हात जोडते. किती प्यायलात, एवढंच सांगा."

अनघाताईंनी पदर डोळ्यांना लावला. त्या पाठ फिरवून आत गेल्या. रेवा आईकडे बघेना. श्रीरंग हळूच म्हणाला, "चल, निघू या आपण," आणि ऋजुता म्हणाली, "मी हलणार नाही." नको असलेला पाहुणा होऊन बसणं काय असतं, ते तिने त्या खुर्चीत भोगलं. सगळ्यांची नजर तिला टाळून जात होती. आपलं चुकलं असेल तर, असंही तिला एकदा वाटून गेलं. पण जीभ अजून जळत होती.

गुरुजींचा कलश मांडून होतो न होतो तोच आतून भांडं पडल्याचा आवाज आला. अनघाताई मोरीत ओणव्या झाल्या होत्या. उलटीवर उलटी. हातपाय गार पडले होते.

जवळच्या इस्पितळात तरुण डॉक्टर धावत आले. त्यांनी तत्परतेने खिशातून काय काढलं असेल? जिभली. उलटीच्या नमुन्याला टेकवली. हिरवा दिवा.

"विषबाधा नाही," ते हसून म्हणाले. "पित्त झालंय. लग्नघर आहे, जागरण असणार. गोळी देतो, घरी न्या."

तिथे ऋजुताच्या संयमाचा बांध फुटला. रेवा शेजारीच उभी होती. शपथ तिच्याच गळ्याची होती.

"ते यंत्र आधी बाजूला ठेवा!" ती ओरडली, इतक्या जोरात की बाकावरचे रोगी उठून बसले. "त्याची जंत्री मी केलीय, डॉक्टर. ऋजुता मोघे माझं नाव. त्यात हे विष नाहीच. मी घातलेलं नाही. ते आंधळं आहे याला, माझ्यामुळे! बाई पेलाभर तरी कडू दुधीचा रस प्यायल्यात. रक्तदाब बघा, आत्ता. सलाईन लावा. पोटातून रक्त जाऊ शकतं. दिव्याकडे काय बघताय? माणसाकडे बघा!"

डॉक्टरांनी माणसाकडे बघितलं. रक्तदाब पार खाली गेला होता. मग मात्र पळापळ झाली.

अनघाताईंना रक्ताच्या उलट्या झाल्या. एक घोट घेतलेली रेवा दिवसभर पोट धरून होती, तेवढ्यावर तिचं निभावलं. अतिदक्षता विभागाच्या बाहेर ती आईच्या शेजारी येऊन बसली. मग तिने आईचा हात उचलून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "मी तो पेला संपवणार होते," ती म्हणाली. "त्यांना बरं वाटावं म्हणून."

"मला माहीत होतं," ऋजुता म्हणाली.

अनघाताई वाचल्या. त्या घरी आल्या तेव्हा ऋजुताने धारपांना गाठलं. "हिरवा दिवा काढून टाका," ती म्हणाली. "लाल ठेवा, विषाचं नाव ठेवा, प्रमाण ठेवा. पण हिरवा काढा. काही दिसलं नाही तर यंत्राने गप्प बसावं."

"मॅडम, गप्प बसणारं यंत्र घेणार कोण?"

"मग माझी जंत्री परत द्या."

ती अर्थातच परत देता येत नव्हती. बऱ्याच पत्रापत्रीनंतर कंपनीने जिभलीच्या डबीच्या तळाशी 'फक्त अल्कलॉइडांसाठी' अशी एक ओळ छापली, मुंगीच्या अक्षरात. ऋजुताने कंपनीच्या सल्लागारपदाचा राजीनामा दिला. बटाट्यांचे फोटो मात्र थांबले नाहीत. राजीनामा दिल्याचं बटाट्यांना कोण कळवणार?

दिवाळसणाला लेक-जावई आले, आणि त्यांच्यासोबत, आमंत्रणाला मान देऊन, अनघाताईही. अशक्तपणा अजून चालण्यात दिसत होता. ऋजुताने हट्टाने पुन्हा अनारसे केले होते. "कशाला विषाची परीक्षा घेतेस?" असं श्रीरंग म्हणाला, आणि तिने त्याच्याकडे असं बघितलं की तो फुलबाज्या आणायला निघून गेला.

ताट समोर आलं. अनघाताईंच्या कमरेला तोच छल्ला होता, आणि छल्ल्याला जिभली होती. ऋजुताने ती आधीच बघून ठेवली होती. अनघाताईंनी अनारसा उचलला, उलटसुलट करून बघितला, आणि तो ऋजुतापुढे धरला.

"आधी तुम्ही एक घास घ्या."

ऋजुताच्या मस्तकात तिडीक गेली. एवढं सगळं होऊनसुद्धा! रेवा वाटीत चमचा फिरवत राहिली, वर बघेना. "खसखस धुऊन घेतलीय मी," ऋजुता रागाने म्हणाली, पण अनारसा घेतला, कडकडून एक घास तोडला आणि मुद्दाम सगळ्यांना दिसेल असा चावला. "झालं? मेले नाही. आता ताटातला दुसरा घ्या."

अनघाताईंनी हात पुढे केला. "दुसरा नको. तोच द्या."

"हा? हा उष्टा आहे माझा."

"म्हणून तर," अनघाताई म्हणाल्या.

त्यांनी तिच्या हातातून तो अर्धा अनारसा घेतला आणि जिथे ऋजुताचे दात लागले होते, तिथूनच पुढे खायला सुरुवात केली.